वरच्या बांधावरची टिटवी

आर्या आणि निखिल, आता जे सांगते आहे ते मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. लिहायला बसले ती रागानं. रविवारी फोनवर आर्या खुशीत सांगत होती — अंधश्रद्धेवरच्या भाषणात तिनं आजीच्या टिटवीची गोष्ट सांगितली, सगळा वर्ग हसला, बाईंनी शाबासकी दिली. मीही हसले. फोन ठेवला आणि संताप आला. त्या गोष्टीतल्या ज्या बाईला तुम्ही हसलात तिनं तुमचं काय बिघडवलं होतं? — पण तुम्हाला कसं बोलू? ती गोष्ट तुमच्या हाती मीच दिली.

मराठीत लिहिते आहे, सावकाश वाचा. इंग्रजीत ती इतक्यांदा सांगितली आहे, की त्या भाषेत ती पुन्हा जुन्याच वळणानं जाईल.

तुम्हाला ठाऊक आहे ते एवढंच: आजीची एक आत्या टिटवीची अंडी बघून पाऊस सांगायची. अंडी उंचावर असली तर पाऊस भरपूर, खोलगट जागी असली तर कमी. एका वर्षी ती म्हणाली कमी, आणि पुरानं पेरणी वाहून नेली. तात्पर्य — पाखरांवर विसंबू नका. तीस वर्षं भूगोल शिकवताना हे उदाहरण मी दिलं. मुलं हसायची. मला आवडायचं ते.

सोनाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन परत आलेली. पैनगंगेच्या अलीकडे, बेला गावाजवळच्या आमच्या घरात तिला कोणी काही विचारत नसे — लग्नात नाही, खरेदीत नाही. फक्त रोहिणी नक्षत्र लागलं की वडील ओसरीवर बसून विचारायचे, "बाई, यंदा कसं?" आसपासच्या वावरांतले लोकही येऊन बसायचे. मग ती बहावा कधी फुलला, कावळ्यानं घरटं आंब्यावर केलं की बाभळीवर, टिटवी कुठं बसली, ते एकेक सांगायची. टिटवीची अंडी दिसली, की वखर लागू नये म्हणून तिथं ती तुराटी, तुरीची वाळकी काडी, रोवायची. वर्षातून तेवढेच दिवस त्या घरात तिचा शब्द चालायचा. तिचा अंदाज कधी चुकायचाही, आणि ती तसं कबूलही करायची. हे मी वर्गात कधी सांगितलं का? नाही.

राज्यं नव्यानं वाटली गेली, त्याच्या पुढचा उन्हाळा. आम्ही आंध्रात राहिलो, पैनगंगेपलीकडचा मामाचा गाव मुंबई राज्यात गेला. आमच्या गावात मुलींना पुढची शाळा नव्हती. मामाकडे होती, इंग्रजीसकट. वडिलांचं म्हणणं साधं होतं — पाऊस बेताचा असेल तर नदीकाठचं खालचं वावर पेरू आणि पोरीला पलीकडे धाडू. जोराचा असेल तर दोन्ही नाही. "पोरगी पुरात तिकडं अडकली तं? आता राज्यबी दुसरं हाये."

म्हणजे माझी शाळा टिटवीच्या हाती होती. बारा वर्षांची होते मी — वय सांगितलं, की माणूस लगेच माफ करतो. करू नका.

अंडी मला आधी दिसली. वरच्या बांधावर, खड्यांमध्ये, मातीच्याच रंगाची, वर काळे ठिपके. चार. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत होती. मी ती परकराच्या ओच्यात घेतली, खालच्या वावरातल्या कोरड्या नाल्यात नेली आणि भोवती खडे मांडले — नीट, जसे तिनं मांडले होते तसे.

हे मी केलं.

दुसऱ्या दिवशी आत्या पाहून आली आणि ओसरीवर टेकली. मग म्हणाली, "अंडे खाली हायेत. पण टिटवी वर वरडून राह्यली, ते काऊन?"

वडील हसले. "तिलेबी नवी सरहद समजली नसन, बाई!" सगळी ओसरी हसली. आत्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी शेंगा फोडत होते, फोडत राहिले. शेवटी ती म्हणाली, "अंडे खाली हायेत तं पाऊस कमीच म्हना लागते."

खालचं वावर पेरलं. मी मामाकडे गेले. जाताना भाकरी आणि जवसाची चटणी तिनंच बांधून दिली. श्रावणात पूर आला आणि खालची पेरणी मातीसकट गेली.

दिवाळीला परतले तेव्हा लोक वाटेत तिला अडवत होते — "काय आत्याबाई, टिटवी काय म्हनते?" आणि वडील, जे तिला बाई म्हणत, ते माझ्यासमोर म्हणाले, "पाखरायकडे पाहू नको आता, चुलीकडे पाय." वावरात जाणंच तिनं सोडलं. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. पण बोलले असते तर शाळा सुटली असती. म्हणून गप्प बसले. मग नागपूरला कॉलेजात होते, ती वारली, तेव्हाही गप्प. आणि पुढे? पुढे गप्पही बसले नाही — ज्या पुराव्यात मी खोट घातली, तोच पुरावा म्हणून मुलांपुढे ठेवला. निरीक्षण करा, म्हणाले! त्या ओसरीवर नीट निरीक्षण करणारी ती एकटीच होती, आणि तिला हसायला मी दोन पिढ्यांना शिकवलं.

टिटवीला पाऊस कळतो का, ते मला माहीत नाही. त्या वर्षी ते कळू शकलं असतं. मी कळू दिलं नाही. आणि ती चार अंडी फुटली नाहीत. उन्हात तशीच पडून राहिली.

आता ते वावर माझा भाचा, भावाचा मुलगा, कसतो. मला आत्या म्हणतो. वरच्या बांधाकडेला टिटवीची अंडी दिसली, की तिथं तुराटी रोवतो आणि पिल्लं निघेपर्यंत तेवढी जागा वखरत नाही. असं का, ते त्याला ठाऊक नाही. आपल्याकडे आधीपासून असंच आहे, म्हणतो.