मोराचं पत्र

सरळ ओळीत लिहिणं हे आळशी माणसाचं काम आहे, असं मनापासून मानणारा उभ्या मराठवाड्यात एकच माणूस होऊन गेला, आणि तो आमच्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. कुरुंद्यात ते मराठीची खासगी शाळा चालवत. फळ्यावर 'विहीर' लिहायची तर 'वि' वरच्या कडेला निघे आणि 'र' पार तळाशी, इतका बारीक की पोरांना वाकून बघावं लागे. 'वाकल्याबिगर विहिरीचं पाणी दिसतं काय?' असं ते वर विचारत. 'मुंगी' हा शब्द त्यांनी एकदाच कधी लिहिला नाही. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ते तिची रांग लावत आणि मग गणिताला जागा उरत नसे. गावातल्या एकानं हौसेनं लेकीच्या लग्नाच्या चिठ्ठ्या त्यांच्याकडून लिहून घेतल्या. आतोबांनी तीन दिवस मान मोडून प्रत्येक चिठ्ठीवर अक्षरांचं तोरण बांधलं. ते कुठल्या टोकाकडून वाचायचं हे न उमगल्यामुळे औंढ्याचे पाहुणे अक्षता पडल्यावर दुसऱ्या दिवशी नटूनथटून हजर झाले. त्यानंतर आतोबांकडे कुणी लिहायला काही आणलं नाही.

पुढे आत्या गेली. एकुलती लेक वाशीमला दिली. शाळेतली पोरं एकेक करून सरकारी शाळेत उर्दू शिकायला गेली. घरात आतोबा आणि कागद एवढेच राहिले. मी बाजाराच्या दिवशी डोकावत असे. ते घाईघाईनं नवा कागद काढून माझ्यापुढे धरत आणि मी वाचू लागलो की त्यांचा चेहरा उतरे. मी ओळ कुठे सुरू होते ते शोधतोय, हे त्यांना कळे. लेकीला दर महिन्याला पत्र जाई, कधी तव्यासारखं गोल, कधी हळदीच्या पानासारखं लांब. तिच्या सासरी ते फिरवून फिरवून वाचताना माणसं हसत, असं कानावर येई. तिचं उत्तर दोन ओळींचं असे. आतोबा ते बराच वेळ हातात धरून बसत.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. वाशीम सरहद्दीपलीकडे, आणि सरहद्दीवर झडत्या चालल्या होत्या. वाशीमला निघालेल्या एका गाडीवानाजवळ नाक्यावर आतोबांचं पत्र सापडलं. त्या खेपेला मोर होता. तुऱ्यात व्याह्यांना नमस्कार, पोटात पीकपाण्याची बातमी आणि पिसाऱ्याच्या डोळ्याडोळ्यांत लेकीची विचारपूस. शिपायांनी ठरवलं, हा नकाशा आहे आणि डोळे म्हणजे गावं. आतोबांना हिंगोलीच्या ठाण्यावर नेलं. त्या दिवसांत ठाण्यात गेलेला माणूस कधी परतेल याचा भरवसा नसे, म्हणून मीही मागोमाग धावलो.

ठाण्याचे अमीन, म्हणजे फौजदार, मेंदीनं दाढी रंगवलेले वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी कागद आडवा धरला, उभा धरला, मग हात लांब करून डोळे बारीक केले. मी घाबऱ्या घाबऱ्या पत्र वाचून दाखवू लागलो, तर त्यांनी मला हातानंच थांबवलं.

"मराठी पढना मेरे को आता नहीं, मास्तर," ते आतोबांना म्हणाले, "मगर मोर है. गर्दन मोड के पीछे देख रहा है."

आतोबा कागदाजवळ सरकले. "व्हय," ते म्हणाले, "लेकीकडं बघून राहिलाय."

मग अमीन सांगू लागले की, त्यांचे वडील उर्दू अक्षरांचा सिंह काढत. घरात अजून टांगलेला आहे. तासभर दोघं बोलत बसले, एक उर्दूत, एक मराठीत, आणि चहा आला तेव्हा माझी आठवण कुणालाच नव्हती. निघताना अमीनांनी मोर मागून घेतला. परतीच्या वाटेवर आतोबा माझ्यापुढे झपाझप चालत होते. मध्येच थांबून म्हणाले, "त्यानं मान बघितली रे."

घरी येताच त्यांनी अमीनांसाठी घोडा काढायला घेतला. महिनाभर ते दुसरं काही करत नव्हते. घोडा पुरा झाला आणि राज्य गेलं. हिंगोलीच्या ठाण्यावर नवी माणसं आली होती. जुने अमीन कुठे गेले, आहेत की नाहीत, कुणी सांगेना. आतोबा कागद घेऊन तीनदा गेले आणि तीनदा परत आले. मी घोडा बघायला मागितला. "तो तुझा न्हाई," ते म्हणाले, रागानं नव्हे.

दिवाळीनंतर त्यांनी मला बोलावून घेतलं. हात थरथरत होता, लेकीचं पत्र मी लिहायचं होतं. कसलं काढू, असं मी विचारलं. सरळच लिही, म्हणाले. पाऊस बरा झाला, गाईला गोऱ्हा झाला, तब्येत ठीक. तीन ओळी झाल्या. खाली सगळा कागद रिकामा होता. अजून काय लिहू, मी विचारलं.

"राहू दे तेवढं," ते म्हणाले. "तिला दिसंल."

पंधरा दिवसांनी लेक आली. पत्राचं तिनं नावही काढलं नाही. गाडीतून उतरून दारात आली, आतोबांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, किती वाळलात तुमी."