हेल्मेटवरचा फेटा

"हेल्मेट घालायचं असा नियम आहे ना? मग घातलंय की! वर नुसता फेटा बांधलाय."

शेखर सावंत काउंटरवर कोपर टेकून मला समजावत होते. मागे त्यांच्या मंडळाची मराठी माणसं गोळा झाली होती. सगळी अल रीम आयलंड नावाच्या वस्तीतून पाडव्याच्या उत्साहात आलेली. त्यातल्या स्कीइंग येणाऱ्यांपैकी चौघांनी हेल्मेट घालून त्यावर जरीकाठी फेटे बांधले होते, आणि शेमले पाठीवरून पार कमरेपर्यंत लोंबत होते. बर्फावरून फेटे मिरवत उतरायचं आणि व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा, असा बेत होता.

मी इथे आखातात एका इनडोअर स्की स्लोपवर शिफ्ट सुपरवायझर आहे. वाळवंटात एक भलंमोठं शीतगृह, त्यात बर्फाचा उतार, आणि त्या उतारावर कोणाचं काही मोडू नये ही जबाबदारी माझी. मी मूळची साताऱ्याची. लहानपणी बर्फ बघितला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. माझी नोकरी ऐकून नातेवाईक अजूनही हसतात.

"फेटा चालणार नाही," मी म्हटलं. "लिफ्टमध्ये लोंबतं काही चालत नाही."

"अहो ताई, तुम्ही आपल्याच ना! असं काय करता?"

हे वाक्य मला पाठ आहे. अल मनखूलच्या भारतीय वस्तीत राहते, त्यामुळे भाजी घेतानासुद्धा ऐकते.

एवढ्यात रामी आला. रामी म्हणजे आमचा ऑपरेशन्स मॅनेजर, लेबनॉनचा. त्याला फेटे फार आवडले. त्याने आधी सेल्फी काढला आणि मग मला विचारलं, "हेल्मेट आहे ना? मग प्रॉब्लेम काय?"

"शेमला. तो चेअरलिफ्टमध्ये अडकू शकतो."

"मग जॅकेटच्या आत घालायला सांग. खलास. यल्ला, चल, गेस्टना थांबवू नकोस."

मला ते पटलं नव्हतं, आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलं. पण मॅनेजर तो. मग मी स्वतः चौघांचेही शेमले जॅकेटमध्ये खोचले, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि स्पष्ट मराठीत बजावलं, "खाली परत येईपर्यंत हे बाहेर काढायचं नाही. फोटोसाठीसुद्धा नाही."

"हो हो ताई," सगळे एका सुरात म्हणाले. तो सूर मी ओळखते. आपण मुलांना "जास्त वेळ मोबाईल बघू नका" म्हटल्यावर येतो, तोच.

चेअरलिफ्ट काय असते ते इथे सांगायला हवं. वर फिरत्या जाड केबलला खुर्च्या टांगलेल्या असतात. खुर्ची थांबत नाही. खाली चालत्या खुर्चीत बसायचं, वर पोचल्यावर चालत्या खुर्चीतून उठायचं आणि स्कीवर घसरत बाजूला व्हायचं. रिकामी खुर्ची वरच्या मोठ्या चाकाला वळसा घालते आणि परत खाली जाते. माणूस उठला की त्याचा आणि खुर्चीचा संबंध संपला पाहिजे. लोंबत्या कपड्याची आम्हाला भीती वाटते ती एवढ्यासाठीच.

मला चैन पडेना, म्हणून मी वरच्या स्टेशनवर जाऊन थांबले. तिथे ऑपरेटर जेरोम होता. फिलिपिन्सचा, कमी बोलणारा. पहिल्या खुर्चीतून दोघं व्यवस्थित उतरले. दुसरीत शेखर आणि त्यांची बायको मेधा. मेधाच्या डोक्यावर नुसतं हेल्मेट होतं. दोघंही हसत होते. ते उठले, उतारावर घसरले, आणि तेवढ्यात मला शेखरच्या मागे जरीचा काठ चमकताना दिसला.

शेमला बाहेर होता. त्याचं टोक खुर्चीच्या पाठीच्या फटीत घट्ट बसलं होतं.

मी ओरडले. काय ओरडले ते आजही आठवत नाही. शेखर पुढे जात होते आणि खुर्ची चाकाकडे वळत होती. शेमला ताणला गेला आणि त्यांचं डोकं मागे खेचलं गेलं. फेटा सुटून आला असता तर काही झालं नसतं. पण मंडळातल्या कुणा हौशी माणसाने तो हेल्मेटला टेप आणि पिना लावून पक्का केला होता. आणि हेल्मेटचा पट्टा तर मीच सगळ्यांना घट्ट लावायला सांगते. ज्या पट्ट्याने जीव वाचायचा, तोच हनुवटीखालून त्यांचा गळा आवळत होता.

शेखर पाठीवर पडले आणि खुर्चीमागे बर्फावरून फरफटत निघाले. तोंडातून आवाजच येत नव्हता. हात पट्ट्याशी झटापट करत होते, पण जाड ग्लोव्हमध्ये बक्कल कुठलं सापडायला!

जेरोमने लाल बटण दाबलं. पण लिफ्ट गाडीसारखी जागच्या जागी थांबत नाही, थोडी पुढे जातेच. मी धावले. बर्फावरून कशी पोचले देव जाणे. आमच्या कमरेच्या किटमध्ये हुक नाइफ असतो, वाकड्या पात्याची सुरी. ती शेमल्याला लावून ओढली. टर्रकन आवाज झाला आणि शेखरचं डोकं बर्फावर आपटलं. हेल्मेटसकट, म्हणून निभावलं.

त्यांनी श्वास घेतला. असा आवाज मी माणसाच्या घशातून कधी ऐकला नव्हता.

त्याच वेळी उतारावरून मंडळातला एक जण ओरडला, "शेखर, पडलास काय रे? थांब, व्हिडिओ चालू आहे!"

मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फर्स्ट एड रूममध्ये शेखर ब्लँकेट पांघरून बसले होते. हनुवटीखाली लालभडक वळ. नर्सने तपासून ऑब्झर्वेशनसाठी हॉस्पिटलला पाठवायचं ठरवलं. रामी दारात उभा होता, पांढराफटक. सेल्फीवाला फोन त्याने खिशात टाकला होता.

"शेमला बाहेर कसा आला?" मी विचारलं.

"मीच काढला," शेखर घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"नाही," मेधा म्हणाली. एवढा वेळ ती स्वतःच्या हाताकडे बघत बसली होती. "मी काढला. खुर्चीत बसल्यावर. फोटोत फेटा अर्धवट दिसत होता. मीच याची चेन उघडली, ताई. या हाताने."



"पण मी सांगितलं होतं," मी म्हटलं.   "आमचा रशियन इन्स्ट्रक्टर 'स्टॉप' म्हणाला की तुम्ही सगळे जागच्या जागी थांबता. मग माझंच का नाही ऐकलंत?"

तिने मान वर केली. डोळे भरले होते.

"तुम्ही मराठीत सांगितलंत ना. वाटलं, आपलंच माणूस आहे, काळजीपोटी बोलतंय. नियम आहे असं वाटलंच नाही."

 

शेखर दुसऱ्या दिवशी घरी गेले. आठवडाभर त्यांना गिळताना दुखत होतं. रामीने त्याच संध्याकाळी नियम केला, हेल्मेटवर काहीही बांधायचं नाही. फेट्याचे दोन तुकडे मी पिशवीत घालून मेधाकडे दिले. तिने ते घेतले, पण पिशवीत डोकावून बघितलं नाही.

यंदा पाडव्याच्या आधी दुसऱ्या एका मंडळाचा फोन आला. गृहस्थ उत्साहात होते. फेटे बांधून यायचा विचार आहे म्हणाले. नाव ऐकून मी मराठी आहे हे त्यांनी लगेच ओळखलं. "अरे वा, तुम्ही तर आपल्याच, ताई!"

"Sir," मी म्हटलं, "nothing over the helmet."

"ओके, ओके मॅडम," ते म्हणाले आणि पुन्हा विषय काढला नाही.