पाच काठ्या आणि सगुणाबाईचा क्ष

कुळगावच्या सगुणाबाईनं आयुष्यात एकदाच तोंड मिटून ठेवलं, आणि त्याची किंमत तिच्या नवऱ्याच्या उजव्या हातानं मोजली.

बाई माहेरची अंबरनाथची. बाप तिथल्या कारखान्यात फिटर, हौशी माणूस. पोरीला सातवीपर्यंत शिकवलं. 'क्ष मानू' म्हटलं की भलं भलं गणित शेपूट घालतं, हे तिला तिथंच कळलं. पुढं अनंताशी लग्न झालं आणि क्ष राहिला चुलीपुढं कोळशानं गिरवायला.

त्रेपन्न साली सासरा गेला. सत्तर काठ्या रुंदीचं एकच भातशेत, मुलगे दोन: थोरला हरिचंद्र, धाकटा अनंता. रीत अशी की थोरल्याला दहा काठ्या जास्त. पंच दिनानाथ पाटलांनी मधोमध खुंटी ठोकली, तिथून धाकट्याच्या अंगाला दहा काठ्या मोजल्या आणि दगड पुरला. झाली वाटणी! अहो, एकाच्या दहा काढून दुसऱ्याला दिल्या, तर फरक दहाचा पडेल की विसाचा? पण पाटलांना सांगणार कोण? सगुणाबाई पदर ओढून आंब्याखाली उभी होती. तिला तिथंच कळलं. पण थोरल्या दिरासमोर धाकट्या सुनेनं बोलायचं नाही. जळली मेली ती रीत!

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, "आपल्या क्ष माना. भावोजींच्या क्ष आणि वर दहा. मिळून सत्तर. दहा बाजूला काढा, उरल्या साठ, निम्म्या तीस. आपल्याला पंचवीसच दिल्या. पाच गेल्या."

अनंताच्या डोक्यात क्ष शिरला नाही, 'पाच गेल्या' तेवढं शिरलं. कोयता घेऊनच तो बांधावर गेला.

"पाच काठ्या चोरल्यास, चोरा!"

"पाच?" हरिचंद्र खवळला. "पंचांसमोर धा घेतल्या मी! भावाला चोर म्हनतोस?"

अनंताचा कोयता आधी उतरला, थोरल्याच्या खांद्यात. रक्ताची चिळकांडी उडाली. हरिचंद्रानं बांधावरची कुऱ्हाड उचलली. अनंतानं उजवा हात आडवा धरला, आणि मनगट कातड्याला लोंबायला लागलं. तो चिखलात कोसळला. कुऱ्हाड पुन्हा वर गेली.

तेवढ्यात सगुणाबाई धावत येऊन नवऱ्यावर आडवी पडली. डोक्यावरचा पदर ओढून त्याच्या दंडाला करकचून बांधला आणि उघड्या डोक्यानं दिरावर ओरडली, "भावोजी, किती जास्त पाहिजे होत्या तुम्हाला?"

"धा! बापाची आन, धाच!"

"तुमच्या पंचेचाळीस, आमच्या पंचवीस. करा वजा!"

कुऱ्हाड वरच राहिली. हरिचंद्राचे ओठ हलत होते. पंचवीसपासून मोजत तो पंचेचाळीसला पोचला, आणि बांधावर मटकन बसला. "ईस?" तो म्हणाला. "आगं, मग आधी बोलली का नाय?"

खांद्यातून रक्त गळत असताना त्यानंच गाडी जुंपली आणि भावाला उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कँपात नेलं. तिथल्या सिंधी डॉक्टरनं जीव वाचवला. हात गेला.

दगड पाच काठ्या सरकवला. आता बांधाच्या दोन्ही अंगांना नांगर हरिचंद्रच धरतो. एकहाती माणूस कसा धरणार? गावात कुठलीही वाटणी असली की सगुणाबाईला बोलावतात. ती डोक्यावर पदर न घेता जाते आणि पंचांच्या आधी बोलते.