जाड काळजाची माणसं

सोलापूरच्या भवानी पेठेत आम्ही शाळेचे गणवेश शिवतो. दोन वर्षांपूर्वी कापडाचा गठ्ठा घेऊन जिना चढताना मला अंधारी आली आणि मी पडले. गठ्ठ्यावरच पडले, म्हणून लागलं नाही. सात रस्त्याजवळच्या डॉक्टरीणबाईंनी इको काढला.

"हृदयाचा स्नायू जाड झालाय," त्या म्हणाल्या. "हे बऱ्याचदा घराण्यातून येतं. तुमच्याकडे कुणी अचानक गेलंय?"

आई माझ्या लहानपणीच गेली, एवढंच मला ठाऊक. मी मामाला फोन लावला. तो सांगोल्याकडे मेंढ्या राखतो. दुसऱ्या दिवशी खांद्यावर घोंगडं टाकून हजर.

दवाखान्यात बाई कागदावर वंशावळ काढायला बसल्या, पुरुषाला चौकोन, बाईला गोल. मामानं खुर्ची पुढं ओढली.

"आमचा आज्जा मोट हाकताना खाली बसला, त्यो बसलाच. त्याची थोरली ल्येक लग्नात नाचताना पडली. हिची आई घागर घिऊन येताना."

बाईंचं पेन थांबेना. "मामा, एवढं लक्षात कसं राहतं?"

"मेंढ्यांच्या चार पिढ्या ध्येनात हायत. मानसं किती आसनार?"

"मग तुम्हाला पटकन कळेल. ज्याच्यात हा दोष आहे, त्याच्या प्रत्येक मुलात तो उतरायची शक्यता निम्मी."

"म्हंजी नाणं उडवायचं."

"हो, आणि प्रत्येक वेळी नव्यानं."

आधी माझं रक्त पुण्याला गेलं. काही आठवड्यांनी कळलं, एका जनुकात चूक आहे. मग तेवढीच चूक मामाच्या रक्तात आणि माझ्या मुलीच्या रक्तात शोधायची ठरली. मुलगी शाळेच्या संघात खो-खो खेळते. निकाल येईपर्यंत डॉक्टरीणबाईंनी तिचा खेळ बंद ठेवला, आणि त्याचा राग तिनं माझ्यावर काढला. घरात माझ्याशी बोलणं बंद. मीही देवाला काहीबाही कबूल करून बसले होते.

मुलीत दोष निघाला नाही. "हिला दरवर्षी तपासायचीही गरज नाही, पळू दे," बाई म्हणाल्या. मला रडूच फुटलं. मुलीनं फक्त विचारलं, "मग उद्या प्रॅक्टिसला जाऊ?"

मामात मात्र निघाला. त्याचा स्नायू जेमतेम जाड, त्रास काहीच नाही. मला रोज गोळी, जड उचलायचं नाही, उन्हाळ्यात निर्जळी उपास बंद. मामाला गोळी नाही, वर्षातून एकदा तपासणी. मामाला ते अपमानास्पद वाटलं.

"दोष येकच की! मंग हिला गोळ्या आन मला नुसतं 'या'?"

"जनुक तेच, मामा, पण हृदय ज्याचं त्याचं. जेवढा त्रास, तेवढंच औषध."

मामानं थोडा विचार केला. "व्हय. येका मेंढीची दोन कोकरं कुटं सारकी आसत्यात?"

घरी जाऊन त्यानं दोन्ही पोरांना दटावून सोलापूरला पाठवलं. थोरला पैलवान. त्याच्यात दोष निघाला, स्नायूही चांगलाच जाड, आणि बाईंनी कुस्ती थांबवायला सांगितली. तो महिनाभर बापाशी बोलला नाही. आता गावातल्या पोरांना आखाड्याच्या कडेला बसून डाव सांगतो, आणि ओरडतो इतका की बाईंनी तेही कमी करायला सांगितलंय.

धाकटा सुटला. पाणी प्यायलासुद्धा तो जागचा हलत नाही.

"ह्याला पळायची परवानगी मिळाली," मामा फोनवर म्हणाला, "पन ह्यो पळनार कुटं?"