वाडीतल्या सरळ झालेल्या कंबरा

वाडीत माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. लोक दुखरी कंबर घेऊन येतात, बरी करून नेतात आणि जाताना एखादा किस्सा माझ्याकडे सोडून जातात. कंबरा गेल्या, किस्से साचले!

*

बंडूभाऊ ट्रक चालवतात. उजवीकडे कंबर ठणकायची, कळ पायात उतरायची. मी म्हटलं, "मागच्या खिशात काय आहे?"

त्यांनी पाकीट काढलं. पाकीट कसलं, वीटच! पावत्या, फोटो, देवाचे अंगारे, मेहुण्याच्या लग्नाची पत्रिका.

"मॅडम, माझी सारी जिंदगी हाय यात!"

"मग दिवसभर तिच्यावर बसता काहून?"

पाकीट खिशातून हललं, जोडीला व्यायाम सुरू झाले. पुढच्या वेळी ताठ चालत आले.

"पाकीट कुठाय?"

"डॅशबोर्डवर, गणपतीच्या बाजूले. आता सकाळी दोघायलेही हात जोडतो!"

*

एका आयटीवाल्या पोराची आई त्याला घेऊन आली. घरून काम. लॅपटॉप पोटावर, पाठ गादीत रुतलेली. मी म्हटलं, खुर्चीवर बसत जा.

पठ्ठ्याने महागडी खुर्ची मागवली. आठवड्याने आईचा फोन.

"मॅडम, खुर्ची एकदम सरळ बसून राहिली. हा नाही!"

*

सुनीलभाऊ कळमेश्वरला एका कंपनीत अकाउंट्स बघतात. मी सांगितलं होतं, दर अर्ध्या तासाने खुर्ची सोडायची. त्यांनी मोबाईलवर अलार्म लावला. त्यांचं दुखणं कमी झालेलं पाहून हळूहळू अख्खं सेक्शन त्या अलार्मवर उठू लागलं.

एकदा एक म्हातारे व्यापारी बिलासाठी आले होते. अलार्म वाजला. सगळे मुकाट उभे! म्हातारबाबांनी घाईघाईने टोपी काढली, मान खाली घातली. जरा वेळाने हळूच विचारलं, "कोन गेलं गा?"

सुनीलभाऊ म्हणाले, "कंबरदुखी!"

*

आणि रेखाताई. ब्लाउज शिवतात. लेकीचं कॉलेज त्या मशीनवर चाललं होतं. पण कंबर अशी धरली की उठताना डोळ्यांत पाणी यायचं. नवरा घाबरला. म्हणाला, "मशीन विकून टाकू. तू धड राहिली म्हणजे झालं."

त्या माझ्यापुढे रडल्या. "मॅडम, मशीन गेली तं मी काय करू वं?"

मी घरी जाऊन पाहिलं. बिनपाठीचं स्टूल, मशीन लांब, उजेड मागून. बाई सुईवर धनुष्यासारखी वाकलेली! स्टूल काढलं, पाठीची खुर्ची आणली, ती मशीनजवळ ओढली. कंबरेमागे टॉवेलची गुंडाळी, दिवा सुईपाशी. एक बाही झाली की उठून फिरायचं. वर रोजचे व्यायाम. ताईंनी एक दिवस चुकवला नाही. कळ हळूहळू उतरू लागली.

पण नवऱ्याला भरवसा नव्हता; त्याने मशीनला आधीच गिऱ्हाईक ठरवलेलं. ते टेम्पो घेऊन दारात हजर! त्या दिवशी ताईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"भाऊ, हातातला ब्लाउज होऊ द्या," त्या म्हणाल्या. गिऱ्हाईक सोफ्यात खोल रुतून मोबाईल पाहत बसलं. ताई खुर्चीत ताठ. मशीन धडधडत होती. मधे उठायच्या, चार पावलं फिरायच्या, पुन्हा बसायच्या. नवरा दाराशी उभा राहून नुसता बघत होता.

शेवटचा धागा कापला आणि ताई कशालाही न धरता एका दमात उभ्या राहिल्या. नवरा पुढे आला. म्हणाला, "रेखा, दुखत नाही?"

"नाही नं!"

गिऱ्हाईकही सोफ्यातून उठायला गेलं आणि अर्ध्यातच दोन्ही हात कंबरेवर. "आई गं!"

रेखाताईंनी ब्लाउजची घडी घातली.

"भाऊ, मशीन तं भेटत नाही. पण मॅडम इथंच हायेत, दाखवून घ्या!"