पाठ टेकायला जागा

“काका, उठा. ही जागा ज्येष्ठ नागरिकांची आहे.”

मी सिमेंटच्या बाकावर पाठ टेकून बसलो होतो. डोकं नुकतंच भादरलेलं. दाढीचे खुंट पांढरेफेक. सत्तरी कधीच मागं पडली. समोरच्याला मी कोण वाटलो असन? शाळा बुडवून आलेलं पोरगं?

म्हटलं, “मी म्हातारा दिसत नाय का?”

“तसं नाही हो. संघाचे सभासद बसतात इथे. आता आमचा हास्यक्लब सुरू होईल.”

बोलणारा त्या संघाचा अध्यक्ष. पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. साहेब रिटायर झाला, साहेबकी झाली नाय. मागं त्याचा घोळका. ही माणसं रोज सकाळी आभाळाकडं हात करून हसतात. हुकूम सुटला की हसायचं, शिट्टी वाजली की गप. घरात हसण्यासारखं काय उरलं नसंल.

बाग म्युनिसिपालटीची, नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला. मागं नाला, नाल्यापलीकडं आमची वस्ती. बाकांच्या वर पाटी हाय, ‘ज्येष्ठ नागरिक कट्टा’. त्याच्यापेक्षा मोठ्या अक्षरात नगरसेवकाचं नाव. मी दुसरीपर्यंत शिकलो, पाटी वाचता येते. संघ, सभासद असलं काय त्या पाटीवर लिहिलेलं नाय. मतदानाला तर नगरसेवकाची माणसं मला दारात रिक्षा पाठवतात. उतरताना हात धरतात. त्या एका दिवसापुरता मी नागरिक.

पण मी काय हवा खायला बसलो नव्हतो. माझी बायको ही बाग झाडायची. ठेकेदाराकडं होती. वर्षानुवर्षं झाडली. हे लोक यायच्या आत पाला गोळा, बाक पुसलेले. स्वतः कधी बसली नाय. एकदा गुडघ्यात कळ आली म्हणून टेकली, तर तिच्याच वयाची एक बाई म्हणाली, “अगं ए, ऊठ. आमची माणसं आली.”

उठली.

घरी येऊन मला सांगितलं. सांगताना हात वर करून त्यांचं ते हा हा हा करून दाखवलं. लय हसली. मग गुडघ्याला तेल चोळता चोळता म्हणाली, “बाक चांगला हाय पण ओ. पाठ टेकायच्या आतच उठवलं मेलीनं.”

तिला जाऊन महिना पण झाला नाय.

पोरगा नाय आम्हाला, एकच पोरगी. अग्नी मीच दिला. मेव्हणा चांदवडकडून आला. म्हणाला, “दाजी, दहावा गावाला करू. इथं आपलं कोण हाय?” मी म्हटलं, तिथं तरी कोण हाय? भिंती पडल्या, उंबऱ्यावर बाभळ उगवली. सगळ्या मुलखाची माणसं मेल्यावर नाशिकला येतात, राखेच्या मडक्यात. त्यांना कोणी विचारत नाय, तुम्ही कुठले. आम्ही जिवंतपणी आलो, तेवढंच चुकलं.

दहावा गोदाघाटावर केला. पिंड ठेवला. कावळा भिंतीवर बसलेला, खाली येईना. मेव्हणा हात जोडून म्हणाला, “आक्के, दाजीला मी गावाला नेतो, काळजी करू नको.” कावळ्यानं मान फिरवली. पोरगी रडत म्हणाली, “आई, बाबांना माझ्याकडं ठेवीन.” तरी येईना. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मग तो बाक आठवला. मोठ्यानं म्हटलं, “तुला उठवलं तिथं मी बसन. पाठ टेकून. रोज.”

कावळा आला, शिवला. भूक लागली असंल त्याला. ते मला माहीत नाय. शब्द देऊन झाला होता.

म्हणून मी बाकावर होतो. आणि अध्यक्ष विचारत होता, “काका, तुम्ही कुठले?”

“इथला.”

“इथले म्हणजे? मूळ गाव कोणतं?”

“तुमचं कोणतं?”

“आम्ही पुण्याचे. मुलानं इथे फ्लॅट घेतला, म्हणून मग...”

म्हणजे हा काल आलेला पाव्हणा. आणि माझी पोरगी इथं जन्मली, इथल्या शाळेत शिकली, इथून सासरी गेली.

तेवढ्यात मागून एक बाई बोलली. तीच असंल, नसंल. “अहो, हे त्या झाडूवालीचे मिस्टर. काका, तिला पाठवा बरं उद्यापासून. किती दिवस झाले, पाला बघा किती साचलाय.”

मी पाल्याकडं बघितलं. बाईकडं बघितलं.

“मेली ती.”

हसायला उभे राहिलेले लोक गप झाले. शिट्टी न वाजता गप झाले, हे पहिल्यांदाच असंल. अध्यक्षानं घसा खाकरला. खांद्यावर हात ठेवला माझ्या.

“अरेरे. वाईट झालं. बसा काका. आजचा दिवस बसा तुम्ही.”

त्याचा हात मी खांद्यावरून काढला. भीक वाढली की यांना बरं वाटतं. आपण चांगली माणसं, असं वाटतं. मरणाच्या मापानं एक दिवस मोजून दिला मला. बाक कुणाचा, देणारा कोण.

म्हटलं, “आजचा दिवस नाय. रोज. आणि तुमची परवानगी नको.”

“अहो, पण काही नियम असतात.”

“पाटीवर लिहा तसं. झाडूवाल्यांनी बसू नये, असं लिहा. नागरिक शब्दाच्या खालीच लिहा.”

घोळका हलला. पलीकडं जाऊन हसले जरा. बारीक आवाजात.

त्या दिवसापासून रोज जातो. पाला तसाच पडलेला असतो. मी त्याला हात लावत नाय. यांचे हात आभाळापर्यंत पोचतात, झाडूपर्यंतही पोचतील. मेव्हण्याचा फोन येतो, दाजी, गावाला चला. जाणार नाय. अध्यक्ष कोणाला तरी सांगून मला हलवणार हाय, असं कानावर आलं. हलवू दे.

तोंडानं ‘ऊठ’ म्हटल्यावर उठणारी एक होती, ती गेली. मला त्या बाकावरून उठवायला चार माणसं लागतील. तिला लागली तशी.