खिळ्यावरची किल्ली

त्या सकाळी पार्वती माझ्या दारात आली तेव्हा तिच्या डोक्यावर पाटी नव्हती. एवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं. मासे विकणारी बाई लिलावाच्या वेळी रिकाम्या डोक्याने कुणाच्या दारात जात नाही. "बाबलभाऊ," ती म्हणाली, "ताईची किल्ली खिळ्यार नाय. हाक मारलंय, ओ देना नाय." मी चप्पल न घालताच गेलो. कुसुमताईच्या आणि माझ्या घरामध्ये एक माड आणि एक दगडी गडगा, एवढंच अंतर. मागचं दार जुनं होतं, ते खांदा लावल्यावर उघडलं. कुसुमताई कुशीवर झोपलेली होती, हात उशीखाली. उशीखाली किल्ली होती, काथ्याच्या दोरीत ओवलेली... पुढच्या सकाळसाठी तयार ठेवलेली.

ती गेली त्याला आता सहा आठवडे झाले. रविवारच्या पुरवणीच्या संपादकांनी मला कुसुमताईवर लिहायला सांगितलं ते मी तिचा शेजारी आणि जुना सहकारी म्हणून. त्यांना बहुधा गौरवाचे चार शब्द हवे असतील. तेही लिहीन. पण ते लिहायला बसलो की दुसरंच काही आडवं येतं, आणि ते बाजूला सारून लिहिण्याची माझी ताकद आता संपली आहे.

कुसुमताई आरोग्य सेविका होती. आधी तोंडवलीकडे, मग बरीच वर्षं आमच्या बंदराच्या उपकेंद्रात. लसीची पेटी खांद्याला लावून पुळणीतून चालणारी, उंच, काळीसावळी, बोलायला तिखट. मला ती घरी "रे बाबल" म्हणे आणि कार्यालयात "साहेब". त्या साहेबमध्ये इतका आदर असे की आजूबाजूचे लोक हसू दाबत. मी जिल्ह्याच्या एका कार्यालयात नियोजनाच्या फायली बघायचो, अजूनही बघतो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण दोष त्याचा नाही.

उपकेंद्रात तिच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. मासे विकणाऱ्या बायका लघवीच्या जळजळीची, पोटात कळ येण्याची तक्रार घेऊन येत. औषध नेत आणि महिन्याभराने पुन्हा येत. एकदा मी तिथे बसलेलो असताना तिने पार्वतीला विचारलं, "दिसभरात पाणी किती पितस गो?" पार्वती पदरात तोंड लपवून हसली. "पाणी पिवन जावचा खंय, ताई? भोवती सगळी बापयमाणसा." पहाटे लिलाव, मग दुपारपर्यंत विक्री, भोवती पुरुषांची गर्दी, आडोसा कुठेच नाही, आणि तेवढा वेळ या बायका ओठ ओले करण्यापुरतंसुद्धा पाणी पीत नसत. कुसुमताईने औषधाची पुडी बांधली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बघलंस? ह्येचा औषध माझ्या कपाटात नाय. तुझ्या फायलीत आसा."

नव्या शतकाच्या सुरुवातीला वरून एक परिपत्रक आलं. कुठल्याही खात्याने, मग ते बांधकाम असो, मत्स्य असो की शिक्षण, नवं काम सुचवताना त्याचा लोकांच्या आरोग्यावर काय परिणाम होईल हे आरोग्य विभागाला विचारून प्रस्तावाच्या शेवटच्या रकान्यात लिहायचं. आज वाटतं, इतकं शहाणपणाचं पत्र माझ्या टेबलावर पुन्हा आलं नाही. कुसुमताईला तर सणच झाला. "आता बांधकामवाल्यांका आमका विचारूचा लागतला," ती सगळ्यांना सांगत सुटली. तेव्हा बंदरावर लिलावासाठी सिमेंटचा नवा ओटा बांधायचं घाटत होतं. तिने चार दिवस ओट्याच्या जागी जाऊन बायकांशी बोलून, पेन्सिलीने आकृती काढून, एक पान लिहिलं. बायकांसाठी दोन संडास, एक नळ, आणि मासे धुतलेलं पाणी विहिरीकडे न जाता समुद्राकडे उतरेल असा गटाराचा उतार. तिचं अक्षर मोठं, गोल, शाळकरी. ते पान तिने माझ्या हातात दिलं.

आता माझं. मार्च संपत आला होता. ते पान फाईलला लावलं असतं तर नकाशा परत अभियंत्याकडे गेला असता, अंदाजपत्रक बदललं असतं, आणि मंजुरी पुढच्या वर्षावर गेली असती. शिवाय माझ्यापुढे अशा पन्नासेक फायली होत्या आणि प्रत्येकीत तो शेवटचा रकाना रिकामा. हाताने लिहून बोटं दुखत होती. मी कुडाळला गेलो आणि एक रबरी शिक्का करून आणला. 'आरोग्यावर विपरीत परिणाम नाही.' दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे रकाने भरले. कार्यालयात माझं कौतुक झालं. एकाने तर "डॉक्टर बाबल" म्हणून चहा पाजला. ओट्याच्या फायलीवर मी शिक्का मारला तेव्हा कुसुमताईचं पान टेबलावर समोरच होतं. मी ते घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं. नंतर बघू म्हणून.

आठवड्याभराने ती कार्यालयात आली. तिथे ती नेहमी शुद्ध बोलत असे. "साहेब, माझं पान फाईलला लागलं का?" मी मान वर न करता म्हटलं, "लागलंय, ताई." वाक्य दोनच शब्दांचं. ते मी इतक्या सहज बोललो की त्याचीच मला आज जास्त लाज वाटते.

ओटा झाला. नारळ फुटला, फोटो निघाले. संडास नाही, नळ नाही. आणि गटाराचा उतार विहिरीकडेच. कुसुमताई गर्दीत मागे उभी होती. परत येताना ती एवढंच म्हणाली, "ओटो बरो झालो रे. बायकांनी आता सिमेंटार बसान कळ काढूची." तिचं घर ओट्यापासून शंभर पावलांवर. पुढच्या आठवड्यात तिने परसातल्या आपल्या संडासाला नवं कुलूप घातलं, बाहेरच्या भिंतीत खिळा ठोकला आणि रोज पहाटे किल्ली त्यावर अडकवायला लागली. शेजारी पाण्याचं पिंप, त्यावर तांब्या. बायका येत, किल्ली घेत, परत अडकवत. जाताना तांब्याभर पाणी प्यायल्याशिवाय ती त्यांना सोडत नसे. "पी गो, पी. आता जागो आसा ना?" असा तिचा आवाज मला माझ्या पडवीत ऐकू यायचा. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचो.

काही वर्षांनी मुंबईहून पत्र आलं. त्या परिपत्रकाचं काय झालं, कुठल्या खात्याने किती पाळलं, याचं मूल्यमापन करायचं होतं. जिल्ह्याचा अहवाल माझ्याकडे. तक्त्यात एकच मोजमाप होतं: रकाना भरला आहे की नाही. भरलेलाच होता. प्रत्येक फायलीत, ठळक, जांभळ्या शाईत. माझाच शिक्का मीच मोजला आणि लिहिलं की सर्व खात्यांनी पूर्ण अंमलबजावणी केली आहे. काय बदललं, असं तक्त्यात कुणी विचारलं नव्हतं. ते माझं मी विचारू शकलो असतो. बायकांच्या कळा कमी झाल्या का, हे शंभर पावलांवर जाऊन विचारायचं होतं, मुंबईला नव्हे.

पडताळणीला दोन अधिकारी यायचे होते, त्यांतल्या एक बाई. त्यांना फिरवायचं काम कुसुमताईवर आलं. आदल्या संध्याकाळी मी तिच्या पायरीवर जाऊन बसलो आणि म्हटलं, "ताई, त्यांना ओट्यावर नको नेऊ. तोंडवलीच्या शाळेत ने, तिथे हात धुवायचे नळ झालेत." ती मुळे, खाडीतले शिंपले, निवडत होती. हातातला शिंपला उघडून तिने त्यातला गर वाटीत टाकला. मग म्हणाली, "नेतंय."

तिने नेलंही. मीही सोबत होतो. परत येताना त्या अधिकारी बाईंना अडचण झाली. वाटेत कुठे सोय नव्हती, कुसुमताईने त्यांना आपल्या घरी आणलं. बाई परसातून आल्या आणि सहज विचारलं, "किल्ली बाहेर का लावता हो?" मी अंगणात उभा होतो. कुसुमताईने माझ्याकडे पाहिलं... फार नाही, क्षणभर. "शेजारणींची सोय," ती म्हणाली. "सवय आहे इथली."

गाडी गेल्यावर ती पिंपावर झाकण ठेवत म्हणाली, "शिक्को बरो केलंस, बाबल. अक्षरा ठळक आसत." म्हणजे तिने फाईल बघितली होती. केव्हा, कुणाकडून, मी विचारलं नाही. ती रागावली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, मार्च, अभियंता, निधी. ती रागावली नाही. तिने मला मुळ्यांचं सुकं डब्यात घालून दिलं, आणि मी तो डबा घेऊन घरी आलो. अहवालाची स्तुती झाली. आमच्या शिक्क्याचा नमुना इतर दोन कार्यालयांनी मागून नेला, हेही लिहून टाकतो.

दिवसकार्य झाल्यावर तिची मुलगी परत कोल्हापूरला निघाली. घराला कुलूप लावून तिने काथ्याच्या दोरीतली ती किल्ली माझ्या हातात ठेवली. "काका, आईची ही सवय बंद नको पडायला. तुम्ही जवळ आहात." मी हो म्हटलं. तेव्हापासून पहाटे किल्ली मी लावतो, पिंप मी भरतो. कुणी याला पुण्य म्हणू नये. दोन संडास आणि एक नळ ओट्यावर असते, तर एका बाईला निवृत्तीनंतरही रोज पहाटे उठावं लागलं नसतं.

गेल्या आठवड्यात पार्वती किल्ली परत अडकवून माझ्याजवळ थांबली. "बाबलभाऊ, ताईन आमका सगळा सांगल्यान हा. आमच्या संडासासाठी तुमी वर किती भांडलात ता. कोणी आयकाक नाय, तेका तुमी तरी काय करतलात?"

म्हणजे कुसुमताईने इतकी वर्षं या बायकांना हे सांगितलं होतं. सगळं माहीत असून. मला सांभाळायला, की मी कधीतरी खरंच भांडेन म्हणून, हे आता कुणाला विचारू? पार्वती उत्तराची वाट बघत होती. आणि मी होकाराची मान हलवली. 'लागलंय, ताई' म्हटलं होतं, तितक्याच सहज.

म्हणून हे लिहिलं. कुणी भांडलं नव्हतं, पार्वती. ते पान वरपर्यंत गेलंच नाही. ते अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, पेन्सिलीची आकृती थोडी पुसट झाली आहे, पण नळ कुठे हवा ते कळतं. या महिन्यात ते मी माझ्या सहीच्या पत्रासह पाठवतो आहे, आणि शिक्का कुणी मारला तेही त्यात लिहिलं आहे.

पार्वतीची सून रविवारची पुरवणी घरात मोठ्याने वाचते, हे मला ठाऊक आहे. सोमवारी बाजार मंदच असतो, तरी बायका येतात. मी नेहमीप्रमाणे पिंप भरीन आणि किल्ली खिळ्यावर लावीन. मग पडवीत बसेन, वर्तमानपत्र न घेता.